आराखड्यांतला आराखडा

संगणकावर काम करणाऱ्या माणसास 'कापा', 'प्रत घ्या' आणि 'चिकटवा' या तीन आज्ञांची ओळख पहिल्याच दिवशीं होते. पत्र लिहावयाची खिडकी असो, हिशेबाची असो, किंवा नुसतें एखादें नांव विचारणारी चिमुकली चौकट असो, या आज्ञा सर्वत्र त्याच क्रमानें आणि त्याच शब्दांत हजर असतात. पाहणाऱ्यास त्याचें नवल वाटत नाहीं. परंतु ज्या मोठ्या आज्ञावलींत अशा पन्नास खिडक्या आहेत, तिच्या कर्त्यांनीं ही यादी पन्नास वेळां लिहिली, कीं एकदांच लिहून पन्नास ठिकाणीं बसविली, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. पन्नास वेळां लिहिली असेल, तर पुढें एखादा शब्द बदलतांना एकोणपन्नास ठिकाणीं तो बदलला जातो आणि पन्नासावें ठिकाण राहून जातें. आणि जें राहतें तेंच नेमकें गिऱ्हाइकाच्या दृष्टीस पडतें. एकदांच लिहिली असेल, तर ती जागोजाग बसविण्याची कांहीं रीत हवी. या रीतीस 'समावेश' म्हणतात. एका फाइलींत एक ओळ लिहावयाची कीं, 'येथें ती दुसरी फाइल आणून बसव'. ओळ साधी आहे. पण तिचा अर्थ काय घ्यावयाचा यावरून गेल्या पाऊणशें वर्षांत निरनिराळ्या मंडळींनीं निरनिराळे मार्ग धरले, आणि त्यांतील एका मार्गाचा शेवट पुष्कळ लोकांच्या वर्षानुवर्षांच्या मेहनतीवर पाणी पडण्यांत झाला.

या कल्पनेचें मूळ खिडक्यांहून जुनें आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या गणितप्रयोगशाळेंत मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखालीं बांधलेला 'एड्सॅक' हा संगणक १९४९ सालच्या मे महिन्यांत चालूं झाला. त्याच्याकडून गणित करवून घ्यावयाचें म्हणजे सर्व आज्ञा कागदी फितीवर भोंकें पाडून लिहाव्या लागत. वर्गमूळ काढणें, उत्तराचे आंकडे छापणें अशीं कामें तर प्रत्येकासच लागत. म्हणून त्यांच्या फितींचा एक संग्रहच तेथें करण्यांत आला. ज्याला जी हवी ती फीत त्यानें कपाटांतून काढावी, यंत्राच्या साहाय्यानें तिची नक्कल आपल्या फितीवर उतरवावी आणि मूळ फीत जागच्या जागीं ठेवावी. डेव्हिड व्हीलर यांनीं अशी योजना केली होती कीं, ही नक्कल फितीवर कोठेंही पडली तरी तींतील पत्ते संगणकांत शिरतांना आपोआप जुळून यावे. विल्क्स, व्हीलर आणि गिल या तिघांनीं या पद्धतीवर १९५१ सालीं पुस्तकही प्रसिद्ध केलें. मात्र नक्कल उतरली कीं मूळ फितीचा आणि तिचा संबंध संपला. कपाटांतील फीत पुढें कोणी दुरुस्त केली तरी जुनी नक्कल जुन्या चुकीसह तशीच राहावयाची.

हीच रीत पुढें लेखी भाषांत उतरली. बीसीपीएल आणि पीएल-वन या भाषांत एका फाइलींत दुसरी ओढून घेण्याची सोय होती. ती उपयुक्त आहे हें पाहूनच १९७२-७३ च्या सुमारास डेनिस रिची यांच्या 'सी' भाषेंतही 'इन्क्लूड' ही ओळ आली. तिचा अर्थ अगदीं रोखठोक होता: त्या फाइलींतील मजकूर उचलून येथें चिकटवावा, आणि मग सांधा कोठें होता हें विसरून जावें.

नकलेहून निराळी अशी एक दृष्टि १९६३ सालीं अमेरिकेंत प्रकट झाली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटचा विद्यार्थी आयव्हन सदरलंड यानें लिंकन प्रयोगशाळेंतील टीएक्स-टू या संगणकावर आपल्या प्रबंधासाठीं 'स्केचपॅड' नांवाची आज्ञावली रचली. तिच्या योगानें प्रकाशलेखणी हातीं धरून पडद्यावर आकृति काढतां येत असे. एक आकृति 'मूळ' म्हणून काढावयाची आणि तिच्या वाटेल तितक्या 'प्रतिमा' वाटेल तेथें मांडावयाच्या, अशी सोय सदरलंडनें केली होती. आणि या प्रतिमा म्हणजे नकला नव्हत्या. मूळ बदललें कीं सर्व प्रतिमा बदलत. प्रबंधांत षट्कोनांची एक जाळी आहे. मूळ षट्कोनाच्या जागीं अर्धवर्तुळ येतांच त्या साऱ्या जाळीस माशाच्या खवल्यांचें रूप येतें. केंब्रिजच्या कपाटांतील फितीला हें साधण्यासारखें नव्हतें. खिडक्यांच्या समावेशाचा पुढील इतिहास म्हणजे या दोन रीतींमधील ओढाताण होय. आणलेला भाग यजमानाच्या घरांत पूर्णपणें विरघळून जावा, कीं त्यानें आपलें वेगळेपण राखावें? आणि वेगळेपण राखलें, तर त्याच्या वागण्याबद्दल जाब कोणास विचारावयाचा?

आरंभीं खिडकीचें वर्णन आज्ञावलीच्या पोटांतच असे. बटन कोठें, अक्षरें केवढीं, हें सर्व कर्त्यानें आज्ञांच्या भाषेंत लिहावयाचें. ज्याँ-मारी उलो या फ्रेंच संशोधकाच्या कल्पनेंतून निघालेला 'इंटरफेस बिल्डर' १९८८ सालीं नेक्स्ट संगणकाबरोबर आला, तेव्हां खिडकी हाताच्या बोटांनीं जुळवावी आणि तिची स्वतंत्र फाइल करून ठेवावी हा मार्ग खुला झाला. या फाइली 'निब' म्हणून ओळखल्या जातात. त्या माणसानें वाचाव्या अशा नव्हत्या. यंत्रानें लिहाव्या आणि यंत्रानेंच उघडाव्या. माणसास वाचतां येईल अशी खुणांची भाषा, म्हणजे एक्सएमएल, १९९८ च्या फेब्रुवारींत प्रमाण ठरली, आणि खिडकीचें वर्णन तिच्यांत लिहून ठेवण्याची चाल त्यानंतर पडली.

त्याच वर्षीं ३१ मार्च रोजीं नेटस्केप कंपनीनें आपल्या न्याहाळकाचा सर्व मूळ मजकूर जगासाठीं खुला केला, आणि मोझिला या प्रकल्पाचा जन्म झाला. एकच न्याहाळक विंडोज, मॅकिंटॉश आणि लिनक्स या तिन्ही ठिकाणीं चालवावयाचा, तर त्याच्या खिडक्या तीनदां बांधणें परवडण्यासारखें नव्हतें. म्हणून त्या मंडळींनीं खिडक्यांसाठीं एक खुणांचीच भाषा निर्माण केली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार 'झूल' असा करतात. मराठींत झूल म्हणजे बैलाच्या पाठीवर टाकावयाचें शोभेचें वस्त्र. नांवाचा हा योग निव्वळ अपघाताचा. परंतु पुढें जी हकीकत यावयाची आहे, तिला तो विलक्षण शोभतो. कारण या भाषेंतील समावेशाची मुख्य रीतच 'आच्छादन' ही होती.

आच्छादनाचें कार्य असें चाले. मूळ खिडकीच्या फाइलींत प्रत्येक महत्त्वाच्या अवयवास एक ओळखनांव असे. आच्छादनाच्या फाइलींत त्याच ओळखनांवाचा अवयव लिहावयाचा आणि त्याच्या पोटांत नवीं बटनें किंवा नव्या सूची घालावयाच्या. न्याहाळक दोन्ही फाइली वाची, ओळखनांवें जुळवून पाही आणि जेथें जुळलीं तेथें आच्छादनांतील मजकूर मूळ अवयवांत मिसळून टाकी. अमुक सूचीच्या आधीं, तमुक बटनाच्या नंतर, असा स्थानाचा निर्देशही करतां येई. मोझिलानें स्वतःच्या खिडक्यांसाठीं या रीतीचा भरपूर उपयोग केला. आरंभीं ज्या तीन आज्ञांचा उल्लेख आला, त्यांची संपादनसूची अशाच एका आच्छादनाच्या फाइलींत एकदां लिहिलेली होती, आणि ज्या खिडकीस ती हवी असे ती खिडकी एका ओळीनें तिला हांक मारी.

या व्यवस्थेचा एक लाभ इंग्रजीबाहेरील वाचकांस विशेष झाला. त्या सूचींतील शब्द सूचीच्या फाइलींतही नव्हते. ते आणखी एका निराळ्या फाइलींत, भाषेगणिक ठेवलेले असत. फायरफॉक्सचें मराठी रूपांतर करणाऱ्यास 'चिकटवा' हा शब्द त्या सूचीपुरता एका जागीं लिहिला कीं पुरे होई. ती सूची जेथें जेथें आणली जाई तेथें तेथें तो आपोआप उमटे. पन्नास ठिकाणीं पन्नास प्रती असत्या, तर कोठें 'चिकटवा', कोठें 'डकवा', आणि कोठें इंग्रजीच, असा प्रकार झाल्यावांचून राहता ना.

परंतु आच्छादनाचा खरा बोलबाला झाला तो दुसऱ्याच कारणानें. मूळ खिडकीनें हांक मारली तरच आच्छादन यावें असें बंधन नव्हतें. बाहेरच्या माणसानें लिहिलेला 'विस्तार' आपल्या नोंदींत एवढेंच सांगे कीं, 'न्याहाळकाची ती मुख्य खिडकी उघडली म्हणजे माझी ही फाइल तिच्यावर घाल.' यजमानास पत्ताही नसतां पाहुणा दिवाणखान्यांत येऊन बसे. बसे एवढेंच नव्हे, तर सामानाची मांडणी बदली. ९ नोव्हेंबर २००४ रोजीं फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ति निघाली. तिच्या लोकप्रियतेंत या विस्तारांचा वाटा फार मोठा होता. जाहिराती अडविणारे, फाइली उतरवून घेणारे, जुन्या वळणाचें रूप परत आणणारे असे हजारों विस्तार लोकांनीं हौसेनें लिहिले. मोझिलाच्या कोणाचीही परवानगी न मागतां न्याहाळकाचा कोणताही कोपरा बदलतां येई, ही मोकळीक दुसऱ्या कोणत्याही न्याहाळकानें इतक्या सढळ हातानें दिली नव्हती. त्या मोकळिकीची किंमत मात्र कोणी तरी देत होतें. सर्व पाहुण्यांच्या आज्ञा एकाच खिडकीच्या एकाच नामकोशांत चालत. दोन विस्तारांनीं एकच नांव योजलें कीं एकाची कृति दुसऱ्यावर उलटे. आणि मोझिलाच्या कारागिरानें आपल्याच घरांतील एखाद्या बटनाचें ओळखनांव बदललें, तर त्याला न दिसणारे कित्येक विस्तार त्या रात्रीं मोडून पडत.

याच काळांत दुसरीकडे एक वेगळी बांधणी चालली होती. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनींत ख्रिस ऑलिव्हर यांनीं 'एफ-थ्री' नांवाची खिडक्या रेखाटण्याची भाषा तयार केली होती; ती २००७ च्या मे महिन्यांत 'जावाएफएक्स' या नांवानें जाहीर झाली. तिची स्वतंत्र लिपि होती, आणि खिडकीचें वर्णन त्या लिपींतच लिहावें लागे. सन कंपनी २०१० सालीं ऑरेकलकडे गेली. त्याच वर्षीं ऑरेकलनें ती लिपि बंद करण्याचें ठरविलें, आणि २०११ च्या ऑक्टोबरांत आलेल्या जावाएफएक्सच्या दुसऱ्या आवृत्तींत खिडकीच्या वर्णनासाठीं 'एफएक्सएमएल' ही खुणांची भाषा दिली. ती घडविणारे ग्रेग ब्राउन हे यापूर्वीं 'पिव्हट' नांवाच्या साहित्यसंचावर काम करीत होते. त्या संचांतही खुणांची भाषा आणि तींत समावेशाची खूण होती, म्हणून नव्या भाषेंत 'एफएक्स-इन्क्लूड' ही खूण पहिल्यापासूनच आली.

ही खूण आच्छादनाच्या अगदीं उलट स्वभावाची आहे. येथें पाहुणा आपण होऊन येत नाहीं. यजमानानें आपल्या फाइलींत ज्या ठिकाणीं खूण केली असेल तेथेंच, आणि तेवढ्याच जागेंत तो येतो. खुणेंत फाइलीचा मार्ग लिहावयाचा. मार्ग तिरक्या रेघेनें सुरू झाला तर तो आज्ञावलीच्या मूळ भांडारापासून मोजला जातो. एरव्हीं यजमानाची फाइल जेथें असेल तेथून. वाचक-यंत्र त्या खुणेपाशीं येतांच थांबतें, पाहुण्याची फाइल उघडतें, तिच्यांतील सर्व अवयव नव्यानें घडवितें आणि त्यांचा मुख्य अवयव खुणेच्या जागीं बसवितें. एकाच फाइलीस एका खिडकींत दोनदां बोलाविलें, तर दोन निरनिराळे संच तयार होतात. एकांतील चौकटींत लिहिलेलें नांव दुसऱ्यांत उमटत नाहीं. मूळ फाइल दुरुस्त केली, तर पुढच्या वेळीं खिडकी उघडतांच सगळीकडे दुरुस्ती दिसते. म्हणजे केंब्रिजच्या फितीपेक्षां हें पुढें गेलें, पण सदरलंडच्या षट्कोनापर्यंत पोंचलें नाहीं: नातें फाइलीशीं आहे, जिवंत मूळाशीं नाहीं.

आणि मुख्य फरक असा कीं, पाहुण्याचीं ओळखनांवें पाहुण्यापाशींच राहतात. त्याच्या आंतील 'जतन' बटनाचें आणि यजमानाच्या 'जतन' बटनाचें नांव एक असलें तरी टक्कर होत नाहीं, कारण यजमानास पाहुण्याच्या खोलींतलें कांहीं दिसतच नाहीं. मग दोघांचें बोलणें व्हावें कसें? यासाठीं जबाबदार माणूस नेमलेला आहे. प्रत्येक फाइलीस आपला एक 'नियंत्रक' असूं शकतो; तोच तिच्यांतील बटनांच्या हांकेला ओ देतो. यजमानानें समावेशाच्या खुणेस ओळखनांव दिलें, तर त्याच्या नियंत्रकास दोन वस्तू मिळतात: त्या नांवाच्या जागीं पाहुण्याचा मुख्य अवयव, आणि त्याच नांवापुढें 'कंट्रोलर' हा शब्द जोडून होणाऱ्या नांवाच्या जागीं पाहुण्याचा नियंत्रक. खुणेचें नांव 'टूलबार' असेल तर नियंत्रक 'टूलबारकंट्रोलर' या जागीं येतो. पाहुण्याची सर्व तयारी यजमानाच्या तयारीच्या आधीं पुरी झालेली असते. त्यामुळें यजमान आपल्या आरंभींच त्याच्याशीं बोलूं शकतो. ही व्यवस्था मोठ्या वाड्यांतील रीतीसारखी आहे. धाकट्या पातीकडे कांहीं निरोप असेल, तर तो तिच्या कर्त्या पुरुषाकडे धाडावयाचा. परस्पर स्वयंपाकघरांत शिरावयाचें नाहीं.

तथापि तींत एक मोठें वैगुण्य राहिलें आहे, आणि तें या साहित्यसंचाच्या चाहत्यांसही नाकारतां येणार नाहीं. हा सगळा व्यवहार नांवाच्या अक्षरांवर चालतो. यजमानाच्या नियंत्रकांत तें नांव एका अक्षरानें चुकलें, तरी कोणी हरकत घेत नाहीं. आज्ञावलीचें भाषांतर निर्वेध पार पडतें, खिडकी डौलानें उघडते, पाहुणा आपल्या जागीं दिसतोही. फक्त नियंत्रकाची जागा रिकामी राहते. पुढें कोणी बटन दाबलें आणि यजमानानें त्या रिकाम्या जागेस हांक मारली, म्हणजे आज्ञावली कोसळते. जेथें चूक झाली तेथें ती दिसत नाहीं, आणि जेथें दिसते तेथें झालेली नसते. नवशिक्यांचे जे तास या एका 'कंट्रोलर' शब्दापायीं खर्चीं पडले, त्यांचा हिशेब कोणीं ठेवलेला नाहीं.

त्यावर उतारा म्हणून २०१२ सालच्या पुढील आवृत्तींत आणखी एक वाट दिली गेली. तींत यजमानानें पाहुण्याची फाइल आणावयाची नाहीं. पाहुणाच एक पुरा घडविलेला अवयव होऊन येतो आणि आपली फाइल आपणच उघडतो. यजमानाच्या दृष्टीनें तो बटनासारखाच एक पदार्थ ठरतो आणि नांवाचा घोळ उरत नाहीं. जीटीके या साहित्यसंचानेंही २०१३ सालीं, ३.१० या आवृत्तींत, याच धर्तीची 'साच्यां'ची सोय केली. समावेशाची खूण तिच्या सोपेपणामुळें तरीही वापरांत राहिली. एक ओळ लिहून काम भागत असतां नवा पदार्थ घडविण्याचा खटाटोप कोण करणार?

इकडे मोझिलाच्या घरांतील पाहुणचार संपत आला होता. न्याहाळकाचें काम अनेक स्वतंत्र प्रक्रियांत वांटून तो वेगवान आणि सुरक्षित करावयाचा, तर त्याच्या अंतर्भागास हात घालणारे हजारों विस्तार आड येत. भिंत हलवावी म्हटलें तर कोणाची तरी खुंटी तींत ठोकलेली असे. २०१५ च्या ऑगस्टांत मोझिलानें जाहीर केलें कीं, जुन्या वळणाचे विस्तार पुढें चालणार नाहींत. त्यांच्या जागीं ठराविक दारांतूनच येणाऱ्या नव्या रीतीचे विस्तार लिहावे. १४ नोव्हेंबर २०१७ रोजीं फायरफॉक्सची ५७ वी आवृत्ति निघाली आणि त्या दिवशीं तीं जुनीं दारें बंद झालीं. 'नोस्क्रिप्ट' या विस्ताराच्या कर्त्यानें नवी रचना करून थोड्याच दिवसांत तो परत आणला. 'डाऊनदेमऑल' नव्यानें लिहून २०१९ सालीं परतला. 'क्लासिक थीम रिस्टोअरर', ज्याचें कामच मुळीं खिडकीचें रूप बदलण्याचें होतें, तो परत येऊंच शकला नाहीं, कारण नव्या दारांतून खिडकीच्या रूपापर्यंत वाटच नव्हती. ज्यांनीं वर्षानुवर्षें बिनमोल काम केलें त्यांना हा निर्णय कृतघ्नपणाचा वाटला, आणि त्यांचें वाटणें अगदींच निराधार नव्हतें. कारण खुंट्या ठोकण्यास मोझिलानेंच त्यांना बोलाविलें होतें. पण न हलणाऱ्या भिंतींचें घर किती काळ राहण्याजोगें राहतें, हाही विचार मोझिलास करावा लागलाच.

जावाएफएक्सही जावाच्या मुख्य पेटींतून २०१८ सालीं, ११ व्या आवृत्तीच्या वेळीं, बाहेर काढण्यांत आलें आणि 'ओपनजेएफएक्स' या नांवानें निराळें नांदूं लागलें. त्याच्या समावेशाच्या खुणेंत मात्र बदल झाला नाहीं. २०११ सालीं लिहिलेली ओळ तेथेंही त्याच अर्थानें वाचली जाते.

बाहेरचे पाहुणे गेल्यावर मोझिलानें २०१८ च्या सुमारास घरचीं आच्छादनेंही काढून टाकण्यास आरंभ केला. त्यांत एक अडचण मॅकिंटॉशची होती. त्या संगणकावर सूचींची पट्टी खिडकीवर नसते, पडद्याच्या माथ्यावर असते, आणि जी खिडकी पुढें असेल तिचीच पट्टी तेथें दिसते. त्यामुळें न्याहाळकाच्या लहानसहान खिडक्यांनाही पूर्ण पट्टी बाळगणें भाग होतें, आणि हें काम तोंवर एका आच्छादनाकडे होतें. तें काढल्यावर पट्टी एका लहानशा फाइलींत लिहिली गेली आणि ज्या खिडक्यांना ती हवी त्यांच्या फाइलींत 'इन्क्लूड' अशी एक ओळ आली. न्याहाळक बांधला जात असतांनाच त्या ओळीच्या जागीं पट्टीचा मजकूर उतरविला जातो. वापरणाऱ्याच्या हातीं पडतांना सांध्याची खूणही शिल्लक नसते, केंब्रिजच्या कपाटांतील फीत दुसऱ्या फितीवर उतरावी तशी.